सुपरचार्जर आणि औचित्यविचार

मोटारीच्या इंजिनावर बसवायच्या एका यंत्राची चर्चा साहित्यविषयक लेखांच्या शेजारी का करावी, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सुरुवातीलाच देतो. समोरच्या अनेक चांगल्या वस्तूंमधून आपल्या प्रयोजनाला योग्य ती वस्तू ओळखणे आणि त्या ओळखीची कारणे सांगता येणे, हा समीक्षेचा गाभा आहे. साहित्यात चुकीच्या निवडीची किंमत लवकर दिसत नाही. एखादी सुमार कादंबरी दहा वर्षे थोर म्हणून मिरवू शकते. इंजिनाच्या बाबतीत ती किंमत भोक पडलेल्या पिस्टनच्या रूपाने हातात पडते. निवडीचा विचार इतक्या उघड्यावर तपासता येईल असे क्षेत्र आपल्या वाट्याला क्वचितच येते.

निमित्त असे घडले, की अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या मस्टँग जीटीसाठी सुपरचार्जर किट घ्यायचे ठरवले. त्याने तीन कंपन्यांची माहितीपत्रके मला पाठवली आणि सोबत गमतीने लिहिले, ‘सर, मजकूर वाचायला तुम्ही शिकवलेत, आता हा वाचून सांगा.’ मी ती पत्रके खरोखरच वाचली, आणि त्या निमित्ताने या विषयावरचे इतरही बरेच वाचले. तिन्ही पत्रकांत सर्वांत ठळक टाइपात एकच गोष्ट होती. ती म्हणजे अश्वशक्तीचा कमाल आकडा. या लेखात मला मांडायचे आहे ते असे, की रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी किट निवडताना हा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा आहे, तोच सर्वांत आधी वाचला जातो, आणि या उलट्या वाचनाचा उपद्रव केवळ गाडीच्या मालकापुरता राहत नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. पेट्रोलचा एक भाग नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल पंपाने हवे तेवढे पुरवता येते. अडचण हवेची असते. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना निर्माण होणाऱ्या पोकळीत बाहेरची हवा जेवढी शिरेल तेवढ्यावर भागवते. सुपरचार्जर ही हवा दाबाने आत ढकलतो. तो इंजिनाच्याच क्रँकशाफ्टवरून, पट्ट्याच्या साह्याने फिरतो. टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या धुराच्या वेगावर फिरतो, म्हणून त्याला प्रतिसाद द्यायला क्षणभर उशीर होतो. सुपरचार्जरला असा उशीर नाही, पण तो फिरवण्याची शक्ती इंजिनाला स्वतःतूनच द्यावी लागते. घेतल्याशिवाय काही देत नाही, असे हे यंत्र आहे.

त्याचा जन्म मोटारीसाठी झालेला नाही. फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल या गावी तयार केलेल्या, आणि १८६० साली पेटंट मिळालेल्या हवेच्या पंपाचा उपयोग भट्ट्यांना वारा घालण्यासाठी होत असे. मोटारींच्या जगात तो पुढे आला. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जर बसवलेल्या दोन गाड्या मांडल्या. त्यांची नावे पाहण्यासारखी आहेत: ६/२५/४० आणि १०/४०/६५. पहिला आकडा करआकारणीचा, दुसरा सुपरचार्जरविना मिळणाऱ्या अश्वशक्तीचा आणि तिसरा सुपरचार्जरसह मिळणाऱ्या अश्वशक्तीचा. पेडल तळापर्यंत दाबले तरच तिसरा आकडा जागा होत असे. गाडीचे एरवीचे रूप आणि तिचे आवेशातले रूप ही दोन्ही त्या नावातच शेजारी शेजारी लिहिलेली होती. आजच्या माहितीपत्रकांनी या नावांतला केवळ तिसरा आकडा उचलला, आणि पंचवीस-चाळीसचा फरक वाचण्याची सवय मोडली.

या यंत्राविषयीचा सर्वांत उद्बोधक वाद १९२९-३० च्या सुमारास इंग्लंडमध्ये झाला. बेंटली गाडीचा निर्माता डब्ल्यू. ओ. बेंटली याचे मत असे, की शक्ती हवी असेल तर इंजिन मोठे करावे. मुळात एका विशिष्ट प्रमाणात घडवलेल्या इंजिनावर सुपरचार्जर लादणे म्हणजे त्याच्या रचनेत बिघाड करणे होय. शर्यतपटू टिम बर्किन याला हे मान्य नव्हते. त्याने अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्सकडून सुपरचार्जर घडवून घेतला, डोरोथी पॅजेट हिने पैसा पुरवला, आणि साडेचार लिटरची ‘ब्लोअर बेंटली’ तयार झाली. १९३० च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ब्लोअर गाड्यांना शेवट गाठता आला नाही. बेंटलीचीच सुपरचार्जरविना धावणारी, साडेसहा लिटरची स्पीड सिक्स पहिली आली. एवढ्यावरून बेंटली बरोबर आणि बर्किन चूक असा निकाल लावण्याचा मोह होतो. पण त्याच वर्षी पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किन ब्लोअर गाडीतून दुसरा आला, आणि १९३२ साली ब्रुकलँड्सच्या मैदानावर त्याने एकआसनी ब्लोअरमधून ताशी सुमारे १३८ मैलांचा फेरीचा विक्रम केला. एकाच यंत्राचा चोवीस तासांच्या शर्यतीत पराभव झाला आणि एका फेरीच्या परीक्षेत जय झाला. प्रश्न यंत्राच्या चांगलेवाईटपणाचा नव्हता, प्रयोजनाचा होता.

यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने काव्याचे जीवित कशात आहे याचे उत्तर ‘औचित्य’ असे दिले. अलंकार सुंदर असला तरी जागा चुकली की तो शोभा आणत नाही, हसू आणतो, हा त्याच्या विवेचनाचा आशय. सुपरचार्जर किट हा अगदी शब्दशः अलंकार आहे: आधीच पूर्ण असलेल्या वस्तूवर बाहेरून चढवलेला. म्हणून त्याची परीक्षा करताना ‘किती’ हा प्रश्न पुरेसा होत नाही. कशावर, कुठे आणि कशासाठी, हे तीन प्रश्न त्याच्या आधी येतात.

अमेरिकेत हा अलंकार इतका लोकप्रिय कसा झाला, याचा इतिहासही ‘जागा बदलण्याचा’च आहे. जनरल मोटर्सच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनांना सिलिंडरातील धूर बाहेर लोटण्यासाठी रूट्स पद्धतीचा पंप लागत असे. ट्रक आणि बसमधली ही इंजिने मोडीत निघाली, की हॉट रॉड तयार करणारी हौशी मंडळी हे पंप काढून आपल्या व्ही-एट इंजिनांवर बसवत. ‘६-७१’ हे प्रसिद्ध नाव मुळात त्या डिझेल इंजिनाचे: सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच. बॉनेट फोडून वर आलेला तो चकचकीत पंप पुढे अमेरिकी वेगाचे चिन्ह बनला. चिन्ह वस्तूपासून किती सुटू शकते, याचा नमुना १९७९ च्या ‘मॅड मॅक्स’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटात आहे. त्यातल्या काळ्या गाडीवरचा सुपरचार्जर, जो नायक एक बटण दाबून सुरू करतो, निव्वळ देखावा होता. जगभरातील एका पिढीच्या डोळ्यांपुढे सुपरचार्जरची जी प्रतिमा ठसली ती हवा न ढकलणाऱ्या पंपाची होती.

कारखान्यांनीही अधूनमधून हा मार्ग धरला. १९५७ साली फोर्डच्या थंडरबर्डवर आणि स्टुडबेकरच्या गोल्डन हॉकवर मॅककुलॉच कंपनीचे केंद्रोत्सारी सुपरचार्जर मिळत. त्या काळच्या जाहिरातींतले आकडे मात्र आजच्या आकड्यांशेजारी ठेवता येत नाहीत. तेव्हा इंजिन बाकावर ठेवून, गाडीतला एअर फिल्टर, सायलेन्सर, इतर जोडकामे दूर करून शक्ती मोजत. तिला ‘ग्रॉस’ म्हणत. १९७२ पासून अमेरिकी कंपन्यांनी इंजिन गाडीत जसे असते तशा अवस्थेतली ‘नेट’ शक्ती जाहीर करायला सुरुवात केली, आणि कागदावरचे आकडे एकदम घसरले. त्या घसरणीतला काही भाग इंजिनांचा होता, पण बराचसा केवळ मोजण्याच्या रीतीचा. आजही तोच घोटाळा वेगळ्या वेशात चालू आहे. एका पत्रकातला आकडा क्रँकशाफ्टवरचा असतो, दुसऱ्यातला चाकांवरचा. दोहोंत सुमारे १५ टक्के फरक धरण्याची रूढी आहे. डायनो या मापनयंत्रावर हवामानाची दुरुस्ती करण्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत, आणि पद्धत बदलली की निकाल सुमारे ४ टक्क्यांनी बदलतो. पाठभेद न पाहता संहितांची तुलना करू नये, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगतो. इथे लाखो रुपयांचा व्यवहार पाठभेद न पाहता होतो.

आता मूळ मुद्दा. किटचे ढोबळमानाने तीन प्रकार बाजारात दिसतात. पहिला रूट्स पद्धतीचा, ज्याचे आजचे सुधारलेले रूप म्हणजे ईटन कंपनीचे चार पाकळ्यांचे, पीळदार रोटर असलेले टीव्हीएस. २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर-वनमध्ये कारखान्यातूनच याच जातीचा सुपरचार्जर आला होता. दुसरा ट्विन स्क्रू, ज्याची वाट स्वीडनच्या आल्फ लिशोल्मने १९३० च्या दशकात दाखवली. याच्या दोन स्क्रूंच्या मधल्या खाचा पुढे सरकताना अरुंद होत जातात आणि हवा पंपाच्या आतच दाबली जाते. या दोन्ही प्रकारांत प्रत्येक फेऱ्याला ठरावीक मापाची हवा पुढे जाते, म्हणून इंजिन हळू फिरत असतानाही दाब जवळपास पूर्ण मिळतो. तिसरा प्रकार केंद्रोत्सारी. यात मिनिटाला चाळीस-पन्नास हजार फेरे घेणारे एक लहान पंख्यासारखे चक्र हवा बाहेरच्या दिशेने फेकते. याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

हा ‘वर्ग’ शब्द माहितीपत्रकात येत नाही, आणि सगळी गोष्ट त्यातच आहे. समजा, एक केंद्रोत्सारी किट इंजिनाच्या ६,५०० फेऱ्यांना ८ पीएसआय दाब देते. निम्म्या फेऱ्यांना, म्हणजे ३,२५० ला, दाब निम्मा मिळत नाही. तो जेमतेम २ पीएसआय मिळतो. त्याच शिखराचे रूट्स किंवा स्क्रू किट त्या जागी ७-८ पीएसआयच्या आसपास असते. दोन्ही किटांच्या पत्रकांवर कमाल अश्वशक्ती एकच छापली, तरी त्या दोन वेगवेगळ्या गाड्या आहेत. एकीचे वैभव आलेखाच्या उजव्या टोकाला आहे, दुसरीचे जवळपास सर्वत्र.

रस्त्यावरचे इंजिन आलेखाच्या कोणत्या भागात जगते? महामार्गावर ताशी ६५ मैलांनी, वरच्या गिअरमध्ये जाणाऱ्या व्ही-एट गाडीचे इंजिन २,००० फेऱ्यांच्या आसपास असते. गावातून, सिग्नलवरून निघताना, कुणाला ओलांडताना ते दीड हजार ते चार हजारांच्या दरम्यान वावरते. साडेसहा हजारांचा टप्पा गाठायचा तर मस्टँगसारखी गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये ताशी साठ मैलांपलीकडे जाते, आणि तिसऱ्या गिअरमध्ये अमेरिकेतल्या बहुतेक रस्त्यांवरची कायदेशीर मर्यादा मागे पडते. म्हणजे ज्या आकड्यासाठी पैसे मोजले, तो आकडा बहुतांशी बेकायदा वेगातच भेटतो. शर्यतीच्या मैदानावर जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे इंजिन सतत वरच्या फेऱ्यांतच असते आणि केंद्रोत्सारी किट तिथे शोभून दिसते. पण ‘रस्त्यासाठी’ असे म्हणत शिखराचा आकडा विकत घेणे हा उघड प्रयोजनभंग आहे.

केंद्रोत्सारी किटच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद आहे, तो टाळून चालणार नाही. खालच्या फेऱ्यांत दाब कमी म्हणजे मागच्या चाकांवर एकदम जोर येत नाही, ओल्या रस्त्यावर टायर घसरत नाहीत, क्लच आणि गिअरबॉक्सवरचा भार हळू चढतो, आणि गाडीचा मूळ स्वभाव रोजच्या वापरात शाबूत राहतो. हे सर्व खरे आहे. मला यात दिसणारा धोका यांत्रिक नसून मानसिक आहे. ज्या यंत्राचे सुख फक्त टोकाला आहे ते चालकाला टोकाकडे बोलावत राहते. बेताच्या दाबाचे, लहान मापाचे टीव्हीएस किंवा स्क्रू किट आपले जे काही आहे ते अर्ध्या पेडलवर, कायद्याच्या आत, रोज देते. त्याला शोधत जावे लागत नाही. त्याच्या मोबदल्यात उजव्या पायाला संयम शिकावा लागतो आणि चांगले टायर घ्यावे लागतात. हा व्यवहार मला अधिक प्रामाणिक वाटतो. हे माझे मत आहे. त्याच्या उलट निवड करणाऱ्याने निदान आलेखाची डावी बाजू वाचून ती करावी, एवढीच अपेक्षा.

दुसरा मोठा आकडा दाबाचा. ‘सात पीएसआय’, ‘दहा पीएसआय’ असे अभिमानाने सांगितले जाते. वस्तुतः दाब म्हणजे इंजिनाला गिळता न आलेल्या हवेची तुंबण. ज्या इंजिनाचे श्वासमार्ग मोकळे आहेत त्यात तेवढीच हवा कमी दाबाने जाते. शिवाय हवा दाबली की तापते, आणि तापली की विरळ होते. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय असतो. त्यात सात मिळवले की दाब सुमारे ४८ टक्के वाढला. बाहेरचे तापमान २५ अंश सेल्सियस आणि पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर हिशेबाने आत जाणारी हवा ८३ अंशांच्या आसपास पोचते आणि तिची घनता फक्त २४ टक्के वाढते. कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर तापमान ७२ अंश आणि वाढ सुमारे २८ टक्के. आता हीच हवा इंटरकूलरमधून ४५ अंशांपर्यंत थंड करून घेतली, तर दाबातली किरकोळ घट सोडता वाढ ३८ टक्क्यांवर जाते. म्हणजे थंड करण्याची व्यवस्था हीच अर्धी शक्ती आहे. पत्रकात मात्र ती शेवटच्या पानावर, बारीक टाइपात सापडते.

तापलेल्या हवेचा दुसरा परिणाम अधिक वाईट. सिलिंडरात ज्योत पोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेटू लागते. त्या ठोक्याला नॉकिंग म्हणतात. काही सेकंदांचे जोराचे नॉकिंग पिस्टन फोडायला पुरेसे होते. ते टाळायचे तर जास्त ऑक्टेनचे पेट्रोल, योग्य वेळी पडणारी ठिणगी आणि पुरेसे इंधन या तिन्हींचा मेळ लागतो. कॅलिफोर्नियातल्या पंपांवर सर्वसाधारणपणे ९१ ऑक्टेनचे प्रीमियम मिळते, इतर अनेक राज्यांत ९३ चे. ९३ वर मोजलेला आकडा लॉस एंजेलिसच्या वाहतूक कोंडीत, उन्हाळ्याच्या दुपारी, तापून बसलेल्या इंटरकूलरसह मिळणार नाही. कृतीला देशकाल असतो हे यंत्रालाही लागू आहे.

याशिवाय ‘कशावर’ हा प्रश्न उरतोच. २००३ मध्ये फोर्डने मस्टँग एसव्हीटी कोब्रा ही गाडी ईटनचा सुपरचार्जर लावून, ३९० अश्वशक्तीची म्हणून आणली. पण सुपरचार्जर बसवण्याआधी कारखान्याने इंजिनाचा ब्लॉक बिडाचा केला, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड घडीव, अधिक मजबूत घेतले, गिअरबॉक्स सहा गिअरचा दिला. अलंकार येणार हे धरूनच अंग घडवले होते. त्याच काळातल्या साध्या जीटीच्या इंजिनात असे रॉड नव्हते. त्यामुळे कोब्राला शोभणारा दाब जीटीवर लादला, तर आधी रॉड बोलतात. २०११ पासूनच्या मस्टँग जीटीचे पाच लिटरचे ‘कोयोटी’ इंजिन कितीतरी दणकट आहे, पण त्याचे कॉम्प्रेशन मुळातच ११ ला १ होते. आधीच घट्ट दाबल्या जाणाऱ्या मिश्रणात आणखी हवा भरताना चुकीला जागा कमी उरते. मूळ संहिता किती भाष्य पेलते, हे पाहूनच भाष्य लिहावे.

आणि मग ज्यांना किटमधल्या ‘तळटिपा’ म्हणता येईल अशा गोष्टी: मोठे इंजेक्टर, इंधनपंप, पट्ट्याची रुंदी, पाण्याचा स्वतंत्र पंप, आणि इंजिनाच्या संगणकाला नवी गणिते शिकवणारे ट्यून. अर्धवट किट स्वस्त पडते ते यांपैकी काही वगळून. कॅलिफोर्नियात एक तळटीप आणखी आहे. तिथल्या हवा संसाधन मंडळाने तपासून दिलेला ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर’ क्रमांक नसेल, तर असे किट प्रदूषणविषयक नियमांखाली येणाऱ्या रस्त्यावरच्या गाडीवर चालत नाही. जुलै २०२१ पासून तर धूरतपासणीच्या वेळी संगणकातले बदललेले सॉफ्टवेअरही पाहिले जाते. हमीबाबत दोन्ही टोकांची अफवा ऐकू येते. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे, बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने कंपनीला सगळी हमी नाकारता येत नाही. पण त्या भागामुळेच बिघाड झाला हे तिने दाखवले तर त्या दुरुस्तीचा खर्च मालकाचाच. सुपरचार्जर बसवलेल्या इंजिनाच्या फुटलेल्या पिस्टनबाबत हे दाखवणे कंपनीला फारसे अवघड जात नाही.

आता विरोधी पक्ष. कुणी म्हणेल, तुम्ही उपयुक्ततेचा हिशेब मांडता, पण ही गाडी कुणी उपयुक्ततेसाठी घेतच नाही. ती आनंदासाठी असते. आणि आनंदाला अतिरेकाचे वावडे नाही. हा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो आपल्याच परंपरेतून उभा करता येतो. भामहाने अतिशयोक्तीला वक्रोक्तीशी जोडून सर्व अलंकारांच्या मुळाशी ठेवले आहे. मग यंत्रातल्या अतिशयोक्तीवर राग का? २०१५ च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटने ७०७ अश्वशक्तीची अतिशयोक्ती कारखान्यातूनच विकली. तिचा सुपरचार्जर पूर्ण वेगाने फिरवायलाच सुमारे ८० अश्वशक्ती खर्च होत. पण त्याच गाडीसोबत दोन किल्ल्या मिळत: लाल किल्लीने पूर्ण ७०७ आणि काळ्या किल्लीने फार तर ५००. १९२१ च्या मर्सिडीजच्या नावात जे होते, ते इथे किल्लीत आले. अतिशयोक्ती विकणाऱ्यालाही ती प्रत्येक वेळी, प्रत्येकाच्या हाती देणे योग्य वाटले नाही.

साहित्यातली अतिशयोक्ती निर्धोक असते, कारण तिच्या दोन्ही टोकांना संमती असते. कवी बोलतो आणि रसिक जाणूनबुजून ऐकतो. रस्त्यावर दुसऱ्या टोकाला रसिक नसतो. तिथे झेब्रा पट्ट्यांवरून जाणारी म्हातारी असते, सायकलवरचा मुलगा असतो, शेजारच्या लेनमधला थकलेला कामगार असतो. त्यांनी या काव्यवाचनाला हजेरी लावलेली नाही. म्हणूनच शर्यतीच्या मैदानावर मी कोणत्याही आकड्याला हरकत घेणार नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर घेईन. औचित्य हा शब्द तिथे सौंदर्यशास्त्रातून नीतिशास्त्रात जातो.

हा सगळा प्रपंच दूरच्या श्रीमंत देशातल्या एका हौसेचा आहे, असे म्हणून तो बाजूला ठेवता येईल. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालानंतर अधिकच स्पष्टपणे, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा किट निवडण्याची वेळ आपल्या विद्यार्थ्यांवर इथे बहुधा येणार नाही. पण शिखराचा आकडा पाहून बाकीचा आलेख न पाहण्याची सवय आपल्याला परकी नाही. २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकाच्या कामाला एपीआयचे गुणांकन लावले, आणि पाहता पाहता कोणी न वाचलेल्या संशोधनपत्रिकांची रास उभी राहिली. ती रास म्हणजे फुगवलेला दाब होता. आत गेलेली हवा किती, हे कोणी मोजले नाही. विद्यार्थ्याची टक्केवारी, पुस्तकाच्या आवृत्त्या, संमेलनाची गर्दी, यांविषयीही आपले वाचन बहुधा असेच उजव्या टोकापासून सुरू होते.

तेव्हा किट घेणाऱ्याला माझे सांगणे थोडक्यात असे. विक्रेत्याने कमाल अश्वशक्ती सांगितली की तिची टीप घ्यावी आणि ती तिथेच ठेवावी. मग संपूर्ण आलेख मागावा, तो चाकांवर मोजला की क्रँकशाफ्टवर, कोणत्या पेट्रोलवर आणि कोणत्या दुरुस्तीने, हे विचारावे. दोन हजार ते चार हजार फेऱ्यांमध्ये मूळ इंजिनाची रेघ आणि किटची रेघ यांत किती अंतर आहे ते पाहावे. सलग तिसऱ्या फेरीत, इंजिन तापलेले असताना, हे अंतर किती उरते याची चौकशी करावी. इंटरकूलर, इंजेक्टर, ट्यून आणि परवान्याचा क्रमांक किटमध्ये आहेत की नाहीत हे यादी वाचून ठरवावे. आपल्या इंजिनाचे रॉड आणि पिस्टन कोणते, हे किटच्या आधी माहीत करून घ्यावे. उरलेल्या पैशांतून टायर आणि ब्रेक घ्यावेत. पैसे उरत नसतील तर एक पायरी लहान किट घ्यावे, कारण ब्रेकच्या आधी घेतलेली शक्ती उधारीची असते. एवढे करून जो आकडा येईल तो शेजाऱ्याच्या आकड्यापेक्षा शंभरेक अश्वशक्तीने लहान असण्याची शक्यता आहे. त्याची खंत करू नये. शेजाऱ्याचे शंभर अश्व ज्या वेगात जागे होतात तिथे त्यालाही जाता येत नाही.